इंग्रजी क्रियापद आणि त्याचे कर्म

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहांनी भाषणाचे सांगितले तेव्हा आम्ही जरा बिचकलोच. विद्यार्थ्यांपुढे बोलायला प्राध्यापक बोलवावेत, मोठे अधिकारी बोलवावेत. आम्ही बँकेतले साधे कारकून. कला शाखेचे पदवीधर, तेही द्वितीय श्रेणीतले. पण कार्यवाह म्हणाले, "मोठ्या विषयाला हात घालू नका. मुलांचे इंग्रजी जिथे अडते तिथले काही सांगा." म्हणून आज एकाच गोष्टीवर बोलावयाचे ठरवले आहे. इंग्रजीतले क्रिया दाखवणारे क्रियापद आणि त्याचे कर्म. विषय शाळेतला आहे, हे खरे. पण याच ठिकाणी आमची फजिती झाली होती, आणि ती शाळेत नव्हे, नोकरीत झाली.

आमचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. त्या काळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. पहिलीपासून इंग्रजी आपल्या राज्यात २००० सालापासून आले. व्याकरण आम्ही गाईडातून पाठ केले. परीक्षेत गुणही बरे पडले. बँकेत लागल्यावर पहिल्याच वर्षी एका खातेदाराला इंग्रजीत पत्र लिहावयाचे होते. आम्ही लिहिले, 'वुई हॅव इन्फॉर्म्ड टू यू'. साहेबांनी त्यातल्या 'टू'भोवती तांबड्या शाईने गोल काढला आणि काउंटरच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ते वाक्य वाचून दाखवले. रांगेतले दोघे हसले. त्यांना त्यातली चूक कळली होती की नाही, कोण जाणे; साहेब हसले म्हणून तेही हसले असावेत.

त्या रात्री घरी शब्दकोश उघडला. पुष्कळ वेळ विचार केल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. आमची चूक इंग्रजीतली नव्हतीच. आम्ही मनात मराठीत म्हटले होते, 'तुम्हाला कळवले आहे'. त्या 'तुम्हाला'मधला 'ला' जसाच्या तसा इंग्रजीत नेला, त्याचा 'टू' झाला. मराठीत तो 'ला' लागतोच, इंग्रजीत त्याला जागा नाही.

आता हे असे का, ते पाहू. क्रिया दाखवणारे क्रियापद दिसले की त्याला एक प्रश्न विचारावयाचा : काय? किंवा कोणाला? 'आई पोळी लाटते.' काय लाटते? पोळी. उत्तर मिळाले, म्हणजे कर्म सापडले, क्रियापद सकर्मक. 'बाळ झोपते.' काय झोपते, कोणाला झोपते? प्रश्नच बसत नाही. क्रियापद अकर्मक. येथपर्यंत मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. फरक पुढे आहे. मराठीत कर्म आपल्या अंगावर खूण घेऊन फिरते. माणसाला बहुधा 'ला' लागतो, निर्जीव वस्तूला बहुधा लागत नाही. आपण 'पत्र लिहिले' म्हणतो, 'पत्राला लिहिले' म्हणत नाही. पण 'शिपायाला बोलावले' म्हणतो. खूण अंगावर असल्यामुळे शब्द कुठेही बसवता येतो. 'साहेबांनी शिपायाला बोलावले' म्हणा की 'शिपायाला साहेबांनी बोलावले' म्हणा, शिपायानेच उठून जावयाचे आहे. इंग्रजीत नामाच्या अंगावर अशी खूण नाही. तिथे फक्त जागा. क्रियापदाच्या आधी बसेल तो कर्ता, नंतर बसेल ते कर्म. 'द मॅनेजर कॉल्ड द प्यून' यातली दोन नामे फक्त उलटी करा, आणि शिपायाने साहेबांना बोलावले असे होते! सर्वनामांत तेवढी जुनी खूण उरली आहे, 'ही'चे 'हिम' होते, 'आय'चे 'मी' होते. बाकी सगळा कारभार जागेवर चालतो.

म्हणून आपल्या मुलांच्या चुका कुठे होतात पाहा. कर्म माणूस असले की होतात. 'आय मेट टू हिम', 'आय आस्क्ड टू टीचर', 'ही टोल्ड to' नव्हे, 'ही टोल्ड टू मी'. या प्रत्येकाच्या मागे मराठीतला 'ला' उभा आहे : त्याला भेटलो, बाईंना विचारले, मला सांगितले. इंग्रजीत 'आय मेट हिम', 'आय आस्क्ड द टीचर', 'ही टोल्ड मी'. मध्ये काही नको. तसेच 'पुण्याला पोहोचलो' म्हणून 'रीच्ड टू पुणे' होते, 'तिच्याशी लग्न केले' म्हणून 'मॅरिड विथ हर' होते, 'त्याविषयी चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट इट' होते. बँकेच्या परीक्षेत चूक ओळखण्याच्या प्रश्नांत हा 'डिस्कस अबाउट' तर ठरलेला पाहुणा आहे.

उलटही घडते. आपण सरळ 'रेडिओ ऐकतो', 'फोटो पाहतो'. इंग्रजीला तिथे 'लिसन'नंतर 'टू' हवा, 'लुक'नंतर 'ॲट' हवा. 'तिची वाट पाहतो' यासाठी 'वेट' घेतला तर 'फॉर' हवा. आणि 'एक्स्प्लेन' हे क्रियापद फारच हट्टी. 'टीच मी' चालते, 'टेल मी' चालते, पण 'एक्स्प्लेन मी' चालत नाही. जे समजावून सांगावयाचे ती गोष्ट त्याचे कर्म, माणसाआधी 'टू' लावावाच लागतो. याला कारण विचारू नका, मित्रहो. प्रत्येक क्रियापदाचा स्वभाव वेगळा असतो आणि तो ज्याचा त्याने पाठ करावयाचा असतो. शब्द पाठ करताना नुसता अर्थ पाठ करू नका, त्याच्यापुढे लगेच कोण बसते तेही पाठ करा. पुष्कळ इंग्रजी शब्दकोशांत सकर्मक क्रियापदापुढे 'टी' आणि अकर्मकापुढे 'आय' हे अक्षर छापलेले असते. आम्ही कित्येक वर्षे ते अक्षर पाहिले आणि कधी विचारले नाही की हे इथे कशाला आहे.

जागेचे हे महत्त्व आम्हाला पुस्तकापेक्षा चेकने अधिक शिकवले. घरी चेकबुक असेल तर आज काढून पाहा. सुरुवातीला इंग्रजीत 'पे' छापलेले असते, त्यापुढे मोकळी रेघ, आणि रेघेच्या शेवटी 'या धारक को', 'ऑर बेअरर'. खाली रुपये, मोकळी रेघ, आणि हिंदीत 'अदा करें'. म्हणजे एकाच कागदावर दोन भाषांची दोन वाक्ये एकमेकांत गुंफली आहेत. इंग्रजी वाक्याचे क्रियापद पहिल्याच ठिकाणी आहे, हिंदीचे शेवटी. हिंदीला 'को' लिहावा लागला, इंग्रजीला काही लिहावे लागले नाही, कारण 'पे'च्या लगत जो बसला त्यालाच द्यावयाचे, हे जागेवरूनच ठरले. या क्रियापदाला दोन कर्मे आहेत. कोणाला द्यावयाचे, ही पहिली रेघ. काय द्यावयाचे, ही दुसरी. आणि कर्ता? तो छापलेला नाही. आज्ञार्थी वाक्यात कर्ता 'तू' असतो आणि तो बोलायचा नसतो. इथे 'तू' म्हणजे बँक. १८८१ च्या कायद्यात चेक हा हुंडीचाच एक प्रकार धरला आहे, आणि हुंडी म्हणजे बिनशर्त आज्ञा अशी तिची व्याख्या आहे. मंडईत भाजी विकणाऱ्या मावशींनी चेकवर सही केली की व्याकरणाने त्या बँकेला हुकूम करतात. खात्यात पैसे असले पाहिजेत, ही गोष्ट निराळी!

सही केली आणि 'पे'पुढची रेघ कोरी सोडली तर काय होते, हे मात्र सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या हाती तो कागद पडेल तो आपले नाव घालतो. कर्माची जागा मोकळी ठेवू नये, असे आम्ही खातेदारांना रोज सांगतो. पुढे या गोष्टीकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

त्याआधी कर्मणी प्रयोगाविषयी थोडे. सकर्मक क्रियापदाचे कर्म उचलून कर्त्याच्या खुर्चीत बसवता येते. कर्ता मग मागे 'बाय' लावून बसतो, किंवा खोलीतून निघूनच जातो. अकर्मक क्रियापदाला कर्मच नाही, तर खुर्चीत बसवणार कोणाला? म्हणून 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' किंवा 'ही वॉज डाइड' ही वाक्ये चुकीची. एवढे ध्यानात ठेवले तरी परीक्षेतले दोन गुण वाचतात.

कार्यालयांना हा प्रयोग फार प्रिय. 'युवर ॲप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड.' अर्ज नाकारला गेला आहे. कोणी नाकारला? तो मनुष्य वाक्यातून निघून गेला. आम्हीही अशी पत्रे लिहिली आहेत, खोटे कशाला बोला. अशी पत्रे आली की कर्ता शोधावयाची सवय लावून घ्या. कोणी, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढचा अर्ज कोणाकडे करावयाचा ते कळत नाही.

पण हाच प्रयोग किती उंचीवर जातो त्याचे उदाहरण आपल्या संविधानात आहे. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम इंग्रजीत वाचा. मसुद्यात ते अकरावे होते आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने ते स्वीकारले. त्याच्या पहिल्या वाक्यात 'ॲबॉलिश' आणि 'फर्बिड' ही दोन सकर्मक क्रियापदे आहेत आणि दोन्ही कर्मणी प्रयोगात आहेत. अस्पृश्यता हे व्याकरणाने पाहता कर्म, ते कर्त्याच्या खुर्चीत. नष्ट करणारा कोण, ते त्या वाक्यात नाही. आम्हाला पूर्वी हे खटकत असे. मग उद्देशिका पुन्हा वाचली. आपल्या या सभागृहात ती भिंतीवर लावलेलीच आहे. तिचा पहिलाच शब्द 'वी', आम्ही. मध्ये न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचे लांबलचक घर, आणि शेवटी तीन क्रियापदे : 'ॲडॉप्ट', 'एनॅक्ट' आणि 'गिव्ह'. काय स्वीकारले, काय अधिनियमित केले, काय दिले? तिन्हींना कर्म एकच, हे संविधान. आणि कोणाला दिले? आपणच आपल्याला. देणारा आणि घेणारा एक. इतके मोठे वाक्य, पण 'कोण, काय, कोणाला' हे तीन प्रश्न घेऊन गेले की दहावीचा मुलगाही त्याची उकल करू शकतो. सतराव्या कलमात न दिसणारा कर्ता हाच, पहिल्या पानावर बसलेला 'आम्ही'. हे आमचे वाचन आहे. कायद्याचे पंडित कदाचित निराळे सांगतील.

इथे ज्येष्ठ उपासक बसले आहेत, त्यांच्यासाठी पालीतलेही एक उदाहरण. त्रिसरण आपण सारे म्हणतो. त्यातले क्रियापद 'गच्छामि', मी जातो. 'बुद्धं' आणि 'सरणं' यांच्यावरचे अनुस्वार ही तिथली कर्माची खूण, पाली व्याकरणात तिला दुतिया म्हणतात. कर्माला पालीत नाव आहे 'कम्म'. आचरणातल्या कर्मालाही तोच शब्द. मराठीत आपण 'बुद्धाला शरण जातो', म्हणजे पुन्हा 'ला' आलाच. इंग्रजी 'गो' हे तर अकर्मक. त्याला बुद्धासाठी 'टू' आणि सरणासाठी 'फॉर' असे दोन आधार द्यावे लागतात. एकच ओळ, तीन भाषांत तीन तऱ्हा. अनुस्वार गाळून म्हणणाऱ्यांनी आजपासून कर्म गाळू नये, एवढीच विनंती.

आणि व्याकरण हे रिकामटेकड्यांचे काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एक पाहावे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केला आहे.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप केला त्या क्रियापदाकडे येऊ. दोन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलच्या तयारीत आमच्या जुन्या वस्तीतली एक मुलगी इंग्रजी फलक रंगवत होती. 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ'. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी. तिने विचारले, "काका, एज्युकेट म्हणजे शिका ना?" आम्ही हो म्हणालो. ती म्हणाली, "पण शब्दकोशात तर त्याच्यापुढे टी लिहिलंय. मग कर्म कुठंय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. १९२४ साली मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे हे ब्रीद. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी पुन्हा हेच तीन शब्द सांगितले. जन्मभर ते आपण ऐकत आलो. मराठीत आपण म्हणतो, 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'. घोषणा म्हणून मराठी रूप खणखणीत आहे, त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण 'शिका' आणि 'एज्युकेट' ही एक क्रियापदे नव्हेत. 'शिका' म्हणजे 'लर्न'. 'एज्युकेट' म्हणजे शिकवा, शिक्षित करा. आणि शिकवा म्हटले की प्रश्न येतो, कोणाला?

मराठी व्याकरण या दोन शब्दांत कसा भेद करते तो पाहण्यासारखा आहे. भूतकाळी सकर्मक क्रियापद मराठीत कर्त्याकडे पाहत नाही, कर्माकडे पाहते. मुलाने पोळी खाल्ली, मुलीने आंबा खाल्ला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले. त्या परंपरेतले कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग आपण शाळेत घोकले आहेत. पण काही क्रियापदे या नियमातून सुटतात. विसरणे, बोलणे, आणि त्यांतच एक शिकणे. 'मुलगी धडा शिकली.' धडा पुल्लिंगी, तरी क्रियापद मुलीकडेच पाहून 'शिकली' होते. आता म्हणा, 'मुलीने धडा शिकवला.' क्रियापदाने मुलीवरची नजर काढली आणि धड्याकडे वळवली. जोवर मनुष्य शिकतो तोवर क्रियापद त्याच्याकडे पाहते. शिकवू लागला की त्याच्यापलीकडे पाहते. हे आम्ही रचून सांगत नाही, तुम्ही रोज असेच बोलता.

आपल्या पुण्यात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. दोन छोटी इंग्रजी वाक्ये वहीत लिहून घ्या. 'जोतीराव टॉट सावित्रीबाई.' 'सावित्रीबाई टॉट द गर्ल्स.' पहिल्या वाक्यात सावित्रीबाई क्रियापदाच्या नंतर बसल्या आहेत, दुसऱ्यात आधी. पहिल्या वाक्यातले कर्म दुसऱ्या वाक्यात कर्ता झाले. सावित्रीबाई पहिल्याच वाक्यात थांबल्या असत्या तर त्या शाळेत शिकवायला उभे राहिले असते कोण?

कोणी म्हणेल, 'एज्युकेट'चे कर्म 'युवरसेल्व्ज' धरा, स्वतःला शिक्षित करा, मग 'शिका' बरोबरच ठरते. हे चूक नाही, तेही त्यात आहेच. पण आमचे म्हणाल तर आम्ही तेवढ्यावरच थांबलो होतो. बँकेत लागलो, कर्ज काढले, वस्तीतून फ्लॅटमध्ये गेलो. संस्थेची वर्गणी दरवर्षी वेळेवर भरली, पावत्या जपून ठेवल्या. पण त्या मुलीने विचारीपर्यंत अकरा वर्षांत वस्तीतल्या एकाही मुलाची वही आम्ही तपासली नव्हती. तांबडी शाई आमच्या वाट्याला आली होती. त्या शाईने शिकलेले आम्ही कोणाला दिले नाही. 'आम्ही शिकलो' हे वाक्य आम्ही कितीदा अभिमानाने म्हटले असेल. 'आम्ही शिकवले' म्हणून पाहिले, तर पुढची रेघ कोरी निघाली.

ती मुलगी पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाली, मुख्य परीक्षेत चार गुणांनी राहिली. यंदा पुन्हा बसते आहे. तिच्या सांगण्यावरूनच गेल्या वर्षापासून याच सभागृहात रविवारी सकाळी आठ ते दहा आम्ही वर्ग घेतो. सुरुवातीस पाच मुले होती, आता बावीस येतात. सातवीच्या मुलांचे इंग्रजी तीच पाहते, आम्ही मोठ्यांचे. खुर्च्या कमी पडतात. सतरंज्या आहेत, पण गुडघे दुखणाऱ्या एका काकूंची अडचण होते. होय, काकूसुद्धा येतात. नातवाला इंग्रजी शिकवायचे आहे म्हणून त्या स्वतः शिकतात. त्यांचे पहिले वाक्य 'आय टीच टू माय ग्रँडसन' असे होते. 'टू' आम्ही पेन्सिलीने काढला.

येत्या रविवारी सकर्मक क्रियापदे पुढे चालू ठेवू. 'राइज' आणि 'रेझ', 'लाय' आणि 'ले' या जोड्या घ्यावयाच्या आहेत. आपल्याकडे पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे असते तसेच ते आहे, घाबरू नये. वही, पेन आणि घरात असेल तर जुना शब्दकोश आणावा. ज्येष्ठ सभासदांपैकी ज्यांना गणित येते त्यांनी वर्गानंतर कार्यवाहांना भेटावे, गणिताला अजून कोणी मिळालेले नाही. जयभीम.